अतिसूक्ष्म विषाणु व डॉ. कीर्ति शहा यांचें संशोधन

हाताच्या बोटावर किंवा गुडघ्यावर उठलेली चामखीळ आमच्या बालवाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेलच. तिच्याभोंवतीं घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधावा, हा उपाय आपल्याकडील वडीलधारी माणसें अद्यापि सांगतात. परंतु चामखीळ मुळांत उठते कां, या प्रश्नाचें उत्तर देणारा मनुष्य विरळाच. चामखीळ हें एका अतिसूक्ष्म विषाणूचें काम आहे. तें कांहीं प्राणघातक नव्हे. मात्र त्याच विषाणूच्या भाऊबंदांपैकीं कांहीं असे क्रूर आहेत कीं, त्यांच्यामुळें होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें २०२२ या एका वर्षीं जगांत सुमारें साडेतीन लाख स्त्रिया मृत्यु पावल्या, व त्यांपैकीं सुमारें ८० हजार आपल्या भारतांतील होत्या. हें कारण निश्चित करण्यांत ज्यांचा मोठा वांटा आहे, त्या डॉ. कीर्ति शहा यांच्या कार्याची ओळख आम्ही येथें थोडक्यांत करून देणार आहों.

प्रथम हा विषाणु केवढा असतो तें पाहूं. तो एका मिलिमीटरच्या अंतरांत ओळीनें सुमारें १८,००० मावतील इतका लहान असतो. त्याच्या पोटांत 'डीएनए' नांवाच्या द्रव्याचें एक छोटेंसें वर्तुळ असतें. डीएनए म्हणजे सजीवाच्या घडणीची लिखित आज्ञाच होय. मनुष्याच्या पेशींतील ही आज्ञा सुमारें तीन अब्ज अक्षरांची आहे. या विषाणूची अवघ्या आठ हजारांची. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याला स्वतःचा संसार करतां येत नाहीं. म्हणून तो आपल्या पेशींत शिरतो व तिचींच अवजारें वापरून आपल्या प्रती काढून घेतो. पण हीं अवजारें पेशी स्वतः दुभागत असते तेव्हांच चालूं असतात. यास्तव विसांवलेल्या पेशीला तो दुभागण्यास भाग पाडतो. पेशीच्या बेसुमार वाढीस आवर घालणारे जे रखवालदार तिच्यांत असतात, त्यांना तो निकामी करतो. बहुधा आपलें शरीर या आगंतुकाला वर्षा-दोन वर्षांत हांकलून देतें; परंतु क्वचित् तो तेथेंच ठाण मांडून बसतो, आणि मग पुष्कळ वर्षांनीं त्याच जागीं कर्करोग उद्भवतो. लहान विषाणु व मोठा रोग यांचा संबंध हा असा आहे.

डॉ. शहा यांचा जन्म गुजराथेंत झाला. परंतु त्यांचें वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजांत झालें. १९५२ सालीं पुणें येथें विषाणु-संशोधन केंद्र स्थापन झालें होतें. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. या केंद्रांत त्यांनीं संशोधनाचे पहिले धडे गिरविले. ज्या सह्याद्रीच्या कुशींत आपली शाहूवाडी वसली आहे, त्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील क्यासनूरच्या अरण्यांत १९५७ सालीं माकडें मरूं लागलीं व पाठोपाठ माणसेंहि तापानें आजारी पडलीं. गोचिडांपासून होणाऱ्या या तापावरील लसीचा प्रत्यक्ष उपयोग कितपत होतो, हें पाहणाऱ्यांत डॉ. शहा होते.

पुढें ते अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत गेले, व लहान डीएनए-विषाणु हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. १९६० सालीं 'एसव्ही-४०' नांवाचा माकडांचा एक विषाणु उघडकीस आला होता. पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशींवर तयार करीत असत. त्यामुळें १९५५ ते १९६३ या काळांतील कांहीं लसींतून तो नकळत कोट्यवधि लोकांच्या शरीरांत गेला होता. प्रयोगांत तो उंदरासारख्या प्राण्यांना गांठी उत्पन्न करी. लोकांत घबराट पसरण्यास एवढें पुरेसें होतें. डॉ. शहा यांनीं घबराटीला उत्तर दिलें तें मोजमापानें. भारतांतील माकडांचें व माणसांचें रक्त तपासून हा विषाणु कोणाकोणांत शिरतो, याचा त्यांनीं शोध घेतला. लस घेतलेल्या लोकांत कर्करोग वाढल्याचें पुढील दीर्घ पाहण्यांत निश्चितपणें दिसून आलें नाहीं.

त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाचें काम यापुढचें. जर्मनींतील हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनीं १९८३ सालीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत चामखिळीच्या कुळांतील एक विषाणु दाखविला; त्याबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण कांहीं रुग्णांत विषाणु सांपडणें ही एक गोष्ट, व तोच रोगाचें आवश्यक कारण आहे हें सिद्ध करणें ही दुसरी. डॉ. शहा व अनेक देशांतील त्यांचे सहकारी यांनीं २२ देशांतून सुमारें एक हजार रुग्णांचे नमुने गोळा केले. १९९५ सालीं निष्कर्ष निघाला कीं, शंभरांपैकीं ९३ नमुन्यांत विषाणु आहे. दुसरा कोणी येथेंच समाधान मानून थांबला असता. यांनीं मात्र उरलेल्या सातांचा पिच्छा सोडला नाहीं. ते नमुने अधिक सूक्ष्म रीतीनें पुन्हा तपासतां असें दिसलें कीं, कांहींत कर्करोगाच्या पेशी पुरेशा नव्हत्याच, व कांहींत पहिल्या परीक्षेची नजर चुकली होती. १९९९ सालीं अंतिम आंकडा प्रसिद्ध झाला : ९९.७ टक्के!

या आंकड्याचा अर्थ फार मोठा आहे. ज्याच्यावांचून रोग होतच नाहीं, तें कारण अडविलें कीं रोगहि अडतो. याची प्रचीति आपल्या महाराष्ट्रानेंच जगास दिली. तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशीव जिल्ह्यांतील खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांचे गट करून पाहणी करण्यांत आली. ज्या गटांत या विषाणूची तपासणी केवळ एकदां झाली, तेथें आठ वर्षांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. ज्या गटांत नेहमींपेक्षां वेगळें कांहींच केलें नाहीं तेथें ६४. हें फल २००९ सालीं प्रसिद्ध झालें. या विषाणूवरील लस २००६ पासून निघाली, आणि २०२३ सालीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें स्वदेशी लस बाजारांत आणली. ती ९ ते १४ वर्षांच्या वयांत घेतल्यास उत्तम.

येथें पालकांशीं दोन शब्द स्पष्टपणें बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. हा विषाणु मुख्यत्वें स्त्रीपुरुषसंबंधांतून पसरतो. म्हणून या रोगाचें नांव काढण्यास घरोघरीं संकोच वाटतो. परंतु बहुतेक संसारी स्त्रीपुरुषांस तो केव्हां ना केव्हां स्पर्श करून जातो. तेव्हां रोगी स्त्रीकडे संशयानें पाहणें हा शुद्ध अन्याय होय. संकोचामुळें माउली दुखणें लपविते, आणि वैद्याकडे पोंचते तोंपर्यंत वेळ निघून गेलेली असते. तिशी ओलांडलेल्या मातांनीं तपासणीसाठीं व मुलींच्या पालकांनीं लशीसाठीं सरकारी दवाखान्यांत विचारणा करावी.

आणि विद्यार्थिमित्रांनो, गणिताचें उत्तर जवळजवळ बरोबर आलें म्हणून पाटी पुसून टाकण्याचा मोह तुम्हांस झाला, तर त्या उरलेल्या सात नमुन्यांची आठवण ठेवा.