बुरुजावरून किती दिसते?

मराठवाड्यातल्या अनेक गावांत पडकी गढी असते. ती कशासाठी होती, असे विचारले तर मुले 'शत्रूला अडवायला' असे सांगतात. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. चौकीचे पहिले काम पाहण्याचे आणि कळवण्याचे. किती दूरचे दिसेल, याचा हिशेब वर्गात करता येतो.

पृथ्वी गोल असल्याने उंचावर गेले की क्षितिज लांब जाते. सपाट प्रदेशात डोळ्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून ३.६ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. डोळा ९ मीटरवर असेल तर ते सुमारे ११ किलोमीटर येते.

मग एवढ्या अंतरावर एकेक बुरूज पुरेल का? नाही. सुमारे १ मिनिटाहून (अंशाचा साठावा भाग) लहान कोन डोळ्याला ओळखता येत नाही. ५ किलोमीटरवरचा माणूस जेमतेम एवढाच कोन करतो; तो ठिपकाच. ५०० मीटरवर तोच कोन सुमारे १२ मिनिटांचा होतो. घोडदळाची धूळ किंवा इशाऱ्याचा धूर मात्र माणसाहून कितीतरी मोठा, म्हणून दुरूनही दिसतो.

रोमन साम्राज्याच्या ब्रिटनमधील सरहद्दीवर इ. स. १२२ मध्ये हेड्रियनची भिंत सुरू झाली. तिच्यावर दर रोमन मैलाला (सुमारे १.५ किलोमीटर) एक छोटे ठाणे आणि दोन ठाण्यांमध्ये दोन बुरूज होते. म्हणजे पहारे सुमारे ५०० मीटरवर! एकटादुकटा माणूसही नजरेतून सुटू नये, एवढे हे अंतर. मोठ्या टोळीशी लढायला मोठ्या ठाण्यांतली फौज असे.

छोटी ठाणी मोठे सैन्य अडवू शकत नाहीत. ऑगस्ट १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात आल्याच. पण तटामागे सैन्य आणि तोफा असल्या की चित्र पालटते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसई येथे, मातीच्या तटाच्या गावातून व त्यालगतच्या तोफांतून झालेल्या माऱ्याने इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीतले निम्म्याहून अधिक सैनिक पडले. लढाई मात्र वेलस्लीने जिंकली.

करून पाहा : मोकळ्या मैदानात एका विद्यार्थ्याला हात हलवत दूर जायला सांगा. हात दिसेनासे होतील ते अंतर मोजा. त्यावरून आपल्या गावाच्या शिवेवर किती बुरूज लागतील ते काढा.