एकट्याचा हिशेब

“एकटेच जाता? भीती नाही वाटत?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे म्हणतो. भीती वाटते. सोबतीला तीच तर असते! पण डोंगरातून एकट्याने चालणे हे लोक समजतात तसे धाडसाचे काम नव्हे. महिनाअखेरीच्या घरखर्चासारखे ते हिशेबाचे काम आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची पर्वतराजी आहे. योसेमिटीच्या दरीपासून माउंट व्हिटनीच्या शिखरापर्यंत तिच्यातून २११ मैलांची एक पायवाट जाते. तिचे नाव जॉन म्यूर ट्रेल. तिच्या दक्षिण भागात दिवसेंदिवस ना गाव लागते, ना मोटाररस्ता. सॅन होजेला मुलाकडे गेलो असताना ऑगस्ट महिन्यात मी ती चाललो. त्यातल्याच एका दिवसाची ही हकीकत.

पहाटे साडेपाचला एव्होल्यूशन सरोवराच्या काठावरचा तंबू गुंडाळला. उंची सुमारे १०,८५० फूट. बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. पहिला हिशेब शिध्याचा. अस्वलांपायी खाण्याचे सारे जिन्नस, एवढेच काय, दात घासायची पेस्टसुद्धा एका भक्कम डब्यात बंद ठेवावी लागते. त्या डब्यात चार दिवसांचे पोहे, खिचडीचे डाळ-तांदूळ आणि दाण्याचे चार लाडू उरले होते. आज दोन खाल्ले, तर चौथ्या दिवशी लाडवाचा उपास!

उजाडले तशी भोवतालची शिखरे गुलाबी झाली. १८९५ साली थिओडोर सॉलोमन्स या वाटाड्या संशोधकाने इथल्या सहा शिखरांना उत्क्रांतिवादाशी निगडित विचारवंतांची नावे दिली: डार्विन, वॉलेस, हक्सले, हेकेल, फिस्क आणि स्पेन्सर. आगरकरांवर ज्याच्या विचारांचा प्रभाव पडला, तो हा स्पेन्सर. इतक्या दूरच्या रानात एक ओळखीचे नाव भेटले, म्हणून मी त्याला चक्क नमस्कार केला.

पुढे झाडे संपली. राहिले ते नुसते खडक, पाणी आणि आकाश. वांडा सरोवर ओलांडून साडेदहाला म्यूर खिंडीत पोहोचलो. उंची ११,९५५ फूट. खिंडीच्या अलीकडे वांडा, पलीकडे हेलन. या म्यूरच्या दोन मुली. मधे उभे बापाचे नाव!

खिंडीत १९३० साली बांधलेली घुमटाकार दगडी झोपडी आहे. आत शिरलो आणि वारा एकदम थांबला. बसावे, लाडू काढावा, असे फार वाटले. एवढ्यात दाराबाहेर पाहिले, तो पश्चिमेकडून काळे ढग चढत होते.

आता काय करावे? दोघे असतो, तर थोडा वाद तरी घातला असता. आडोसा सोडून उघड्यावर जायचे, हे मनाला पटेना. पण १९९० साली व्हिटनीच्या माथ्यावरच्या दगडी झोपडीत वादळातून आसऱ्याला बसलेल्या एका माणसाचा विजेने बळी घेतला होता, हे मला ठाऊक होते. दगडी भिंत वारा अडवते. वीज अडवेलच असे नाही. वीज उंच, उघडी जागा शोधते, आणि खिंड ही तशीच जागा. अजून गडगडाट ऐकू येत नव्हता. झाडांची रेषा अडीच-तीन मैल खाली. उताराला दीड तास. घड्याळ पाहिले, पिशवी पाठीला लावली आणि निघालो.

हेलनच्या काठाने, खडकांतून, पाय जपत उतरलो. धावलो मात्र नाही. मुरगळलेल्या पायाला इथे खांदा द्यायला कोण? ल काँत दरीतली पहिली दाट झाडे लागली आणि मागे खिंडीवर पहिला कडकडाट झाला. पाठोपाठ गारा आल्या. उंच एकाकी झाडे टाळून बुटक्या झाडांच्या दाटीत तासभर उकिडवा बसून राहिलो.

संध्याकाळी आभाळ धुऊन निघाले, खिचडी शिजली. तेव्हा जमाखर्च मांडला. खर्च: एक लाडू आणि झोपडीतला विसावा. जमा: उद्याचा दिवस.