उन्हाळ्याआधीची परसबाग

(थंडी संपत आली की परसबागेत कोणती कामे करावीत, ती कोणत्या क्रमाने करावीत आणि थोड्या पाण्यावर भाजी कशी जगवावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, उर्दूत ज्या ऋतूला तुम्ही 'बहार' म्हणता, त्याला मराठीत 'वसंत' म्हणतात. पण 'बहर' हा शब्दही मराठीला परका नाही. झाड फुलांनी भरले की 'झाडाला बहर आला' असे आपण म्हणतो. डाळिंबाचे बागायतदार तर 'आंबे बहार', 'मृग बहार' आणि 'हस्त बहार' असे वर्षाचे तीन बहार मोजतात. 'रब्बी' हा शब्दही अरबीतून आला आहे. त्याचा मूळ अर्थ वसंत. हिवाळ्यात पेरलेले आणि वसंताच्या सुमारास हाती येणारे पीक ते रब्बी पीक.

आपल्याकडे मात्र ही बहार फार दिवस टिकत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे पांघरूण ओढून घ्यावे लागते आणि मार्चच्या अखेरीस दुपारी घराबाहेर पडवत नाही. या दोहोंच्या मध्ये पाच-सहा आठवडे मिळतात. उन्हाळ्यात घरची भाजी खायला मिळणार की नाही, हे या पाच-सहा आठवड्यांत ठरते.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या नानीकडून शिकलो. मराठवाड्यातील एका लहान गावात आमचे घर होते. घरामागे चार खाटा मावतील एवढीच मोकळी जागा होती. नानी त्या जागेत वर्षभर काही ना काही लावत असत. मी सातवीत असताना जानेवारीच्या मध्यावरच भेंडीचे बी आणले आणि घाईघाईने पेरून टाकले. रोज सकाळी पाणी घातले. पंधरा दिवस गेले, तरी एकही कोंब वर आला नाही. नानींनी काडीने माती उकरून दाखवली. आतले बी मऊ पडून कुजले होते.

"बेटा, बी पाण्याने नाही, उबेने उगवते," नानी म्हणाल्या. "सकाळी मातीवर तळहात ठेवून बघ. हात गार पडला तर थांब."

पुढच्या वर्षी मी थांबलो, पण इतका थांबलो की मार्च संपला. बी चार दिवसांत उगवले. मात्र एप्रिलच्या उन्हात ती नाजूक रोपे दुपारी माना टाकू लागली आणि एकेक करून करपली. दोन वर्षांच्या दोन चुकांनी मला हंगामाचा अर्थ कळला. भेंडीच्या बियाला उगवण्यासाठी उबदार माती लागते, आणि उगवलेल्या रोपाला कडक ऊन सुरू होण्यापूर्वी मुळे खोल नेण्यासाठी थोडा अवधी लागतो. 'होळी जळाली, थंडी पळाली' असे आपल्याकडे म्हणतात. थंडी पळायच्या आत आपली तयारी पुरी झालेली असावी.

आता ही कामे क्रमाने पाहू.

पहिले काम जागा मोकळी करण्याचे. हिवाळ्यातील कोबी, मुळा, गाजर, मेथी, वाटाणा यांचे दिवस आता भरत आलेले असतात. तयार झालेली भाजी काढून घ्यावी. वाटाण्याचे आणि घेवड्याचे वेल मात्र उपटू नयेत, ते जमिनीलगत कापावेत. त्यांच्या मुळांवर लहान लहान गाठी असतात. त्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र मुळांत साठवतात. मुळे जमिनीतच कुजली की ते नत्र पुढच्या पिकाला मिळते.

सगळेच उपटून टाकण्याआधी बियांचा विचार करावा. मेथीची, कोथिंबिरीची दोन-तीन जोमदार रोपे तशीच राहू द्यावीत. मेथीला शेंगा येतात आणि त्यांतून मेथ्या मिळतात. कोथिंबिरीला धने येतात. मुळ्याला येणाऱ्या कोवळ्या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात. त्यांची भाजी रुचकर होते, आणि काही शेंगा झाडावरच वाळू दिल्या तर त्यांतून मुळ्याचे बी मिळते.

दुसरे काम खताचे. माघ-फाल्गुनात कडुनिंब, पिंपळ अशी झाडे पाने गाळतात. लोक ती पाने झाडून पेटवून देतात. त्याने धूर होतो आणि जमिनीचे अन्न वाया जाते. ही पाने गोळा करून एका कोपऱ्यात खड्ड्यात टाकावीत. पालापाचोळ्याचा एक थर, त्यावर भाजीची देठे व साली, त्यावर मातीचा पातळ थर, असे थरावर थर द्यावेत आणि वर थोडे पाणी शिंपडावे. हे खत पावसाळी भाज्यांच्या उपयोगी पडेल. थोडी कोरडी पाने वेगळी ठेवावीत. त्यांचे काम पुढे आहे.

आता मोकळ्या झालेल्या वाफ्यांकडे वळू. जमीन एक वीतभर खोल खणावी आणि आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावी. मातीत दडलेल्या अळ्या आणि किडींचे कोष त्यामुळे वर येतात. काही उन्हाने मरतात, काही साळुंक्या वेचून खातात. त्यानंतर ढेकळे फोडून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. एका चौरस मीटर जागेला दोन ते तीन किलो खत पुरेसे होते. खत कुजले की नाही, हे ओळखणे सोपे आहे. कुजलेले खत काळपट आणि भुसभुशीत दिसते व त्याला मातीसारखा वास येतो. ताजे शेण घालू नये. त्याने रोपांची मुळे दुखावतात आणि हुमणीसारख्या किडी वाढतात.

पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून आपण उंच गादी वाफे करतो. उन्हाळ्यात याच्या उलट करावे. वाफे सपाट किंवा किंचित खोलगट ठेवावेत आणि कडेने बांध घालावा. म्हणजे घातलेले पाणी बाहेर वाहून जात नाही.

कोणत्या जागी काय लावायचे, हेही आधी ठरवावे. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा या एकाच कुळातील वनस्पती आहेत. त्यांचे अनेक रोगही सारखेच असतात. म्हणून जिथे हिवाळ्यात वांगी होती, तिथे लगेच टोमॅटो किंवा मिरची लावू नये. तिथे गवार किंवा चवळी पेरावी. त्यांच्याही मुळांवर नत्राच्या गाठी असतात.

यानंतर पेरणी. फेब्रुवारीच्या मध्यापासून भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी भोपळा या भाज्या पेरता येतात. माठ आणि अंबाडी या पालेभाज्याही उन्हात तग धरतात. पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातून आणलेल्या जुडीतील जाड देठ ओल्या मातीत खोचले की त्यांना मुळे फुटतात. पुदिना थोड्या सावलीत लावावा.

भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. कारल्याच्या आणि दोडक्याच्या बियांचे कवच जाड असते. त्या एक दिवस भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवाव्यात. दुकानातून आणलेल्या बियांवर कधी कधी रंगीत औषध चोळलेले असते. असे बी तोंडात धरू नये आणि पेरल्यानंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. भेंडीच्या दोन ओळींत साधारण दीड फूट अंतर ठेवावे. वेलभाज्यांसाठी आळी करावीत आणि मांडवाची सोय आधीच करावी.

प्रत्येक जागी दोन-तीन बिया टाकाव्यात. सगळ्या उगवल्या तर त्यांतील सशक्त रोप ठेवून बाकीची जमिनीलगत कापावीत. यालाच विरळणी म्हणतात. आपल्या हाताने पेरलेले रोप कापताना जिवावर येते. पण दाट ठेवलेली रोपे एकमेकांचे पाणी आणि अन्न ओढतात आणि शेवटी कोणतेच नीट वाढत नाही.

वेलभाज्यांना पहिली दोन पाने फुटली की लाल भुंगेरे त्यांवर तुटून पडतात. हे किडे पहाटेच्या गारव्यात सुस्त असतात, म्हणून त्या वेळी ते हाताने सहज वेचता येतात. पानांवर दव असताना चुलीची राख धुरळली तरी त्यांचा त्रास कमी होतो. इतर किडींसाठी निंबोळ्यांचा अर्क वापरतात. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सकाळी फवारावी. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतात. तेव्हा त्या वेचून, वाळवून ठेवणाऱ्यालाच त्या वसंतात मिळतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पाणी. आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येई. नानींनी 1972 चा दुष्काळ पाहिला होता. त्यांच्या घरात पेलाभर पाणीही वाया जात नसे. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी एका घागरीत जमा होई व संध्याकाळी वाफ्यांत जाई. साबणाचे पाणी त्या भाजीला घालत नसत.

वेलांच्या मधोमध त्या एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरत. मडके रंगवलेले किंवा चकचकीत मुलामा दिलेले नसावे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवले की मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी हळूहळू झिरपते. भोवतालची माती कोरडी असेल तर ती जास्त पाणी ओढते, ओली असेल तर झिरपणे मंदावते. म्हणजे किती पाणी द्यायचे, हे जणू मातीच ठरवते. पाणी पृष्ठभागावर पडत नसल्यामुळे उन्हाने उडूनही फारसे जात नाही. वेलांची मुळे मडक्याभोवती गोळा होतात.

मघाशी वेगळी ठेवलेली कोरडी पाने आता बाहेर काढावीत. रोपे वीतभर झाली की त्यांच्या भोवती या पानांचा दोन-तीन बोटे जाडीचा थर पसरावा. यास आच्छादन म्हणतात. त्याने माती तापत नाही, ओल टिकते आणि तण कमी उगवते. पाने खोडाला मात्र चिकटवू नयेत. पाणी नेहमी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावे. भर दुपारी दिलेले पाणी बरेचसे वाफ होऊन उडून जाते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरामागे जागा नसेल. त्यांनी निराश होऊ नये. जुना डबा, फुटकी बादली किंवा गोणी यांतही भाजी येते. तळाला छिद्रे असावीत आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळावे, एवढेच पाहावे. एका बादलीत भेंडीचे एक झाड चांगले वाढते. पेरल्यापासून साधारण दीड ते दोन महिन्यांत भेंडी तोडायला मिळते. भेंडीचा 'परभणी क्रांती' हा वाण तर आपल्या मराठवाड्यातील कृषी विद्यापीठाने परभणी येथे तयार केला आहे.

नानी आज हयात नाहीत. त्यांच्या दोडक्याचे बी मात्र माझ्याकडे आहे. त्या वेलावरचा सर्वांत चांगला दोडका तोडत नसत. तो वेलावरच वाळून खुळखुळू लागला की त्यातील बी काढून, सावलीत सुकवून, राखेत घोळून बरणीत ठेवत. मीही तसेच करतो. संकरित बियाण्याच्या फळातून घेतलेले बी पुढच्या वर्षी सारखे पीक देत नाही. गावरान बियाचे तसे नसते. परंतु बरणीतले बी कायमचे टिकत नाही. काही वर्षे ते पेरले नाही, तर उगवण्याची शक्ती गमावते. दागिना पेटीत ठेवून जपता येतो, बी मात्र पेरूनच जपावे लागते.

म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत मी सकाळी अंगणात जातो आणि मातीवर तळहात ठेवून बघतो. हात गार पडला नाही, की बरणी उघडतो. यंदा तुम्हीही बघा.

शब्दार्थ

परसबाग – घरामागील लहान बाग
अवधी – मुदत, वेळ
वाफा – भाजी लावण्यासाठी बांध घालून केलेला जमिनीचा तुकडा
आळे – झाडाभोवती पाण्यासाठी केलेला गोल खोलगट भाग
वीत – अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर
तग धरणे – टिकून राहणे
जिवावर येणे – एखादी गोष्ट करणे नकोसे वाटणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने जानेवारीत पेरलेले भेंडीचे बी का उगवले नाही?
(आ) वाटाण्याचे वेल उपटू नयेत, असे लेखक का म्हणतात?

2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुरलेल्या मडक्यामुळे पाण्याची बचत कशी होते?
(आ) 'बी मात्र पेरूनच जपावे लागते' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

3. या पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

4. उपक्रम : एका डब्यात किंवा बादलीत भेंडी पेरा. पेरणीची तारीख, पहिला कोंब दिसल्याची तारीख आणि पहिली भेंडी तोडल्याची तारीख वहीत लिहून ठेवा.