शीतगृहाच्या स्क्रीनवरचा आकडा खरा आहे का?



गोठवलेला मासा उणे 18 अंशांवर राहायला हवा. ससून डॉकवरून सुरमई हैदराबादला, दिलसुखनगरच्या दुकानात जायची तर सुमारे 700 किलोमीटरचा रस्ता. शीतगृहातच माल नरम पडला, तर तिथे भाव कोण देणार?

सेन्सरचा ट्रान्समीटर कॉम्प्युटरला अंश सांगत नाही. तो वायरीतून 4 ते 20 मिलिअँपिअर करंट पाठवतो. सुरुवात शून्यापासून नाही, 4 पासून. कारण वायर तुटली की करंट शून्य होतो, आणि ही थंडी नव्हे, बिघाड आहे हे लगेच कळतं.

या करंटचे अंश सॉफ्टवेअर करतं. म्हणून दोघांची रेंज एकच हवी. ट्रान्समीटर उणे 40 ते 60 चा असेल तर 8 मिलिअँपिअर म्हणजे उणे 15. सॉफ्टवेअरमध्ये उणे 50 ते 50 टाकलं असेल, तर स्क्रीनवर उणे 25 दिसेल! मग सॉफ्टवेअर तसाच करंट उलट पाठवून कॉम्प्रेसरचा वेग कमी करेल. स्क्रीन खूश, मासा मात्र नरम.

तपासणी सोपी आहे. गोड्या पाण्याचा बर्फ चुरून बादलीत थोड्या पाण्यात कालवा. फिटरकडून सेन्सर काढून दहा मिनिटं त्यात बुडवा. स्क्रीनवर 0 च्या आसपास आकडा यायला हवा. नाही आला, तर दोन्ही रेंज जुळवून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पॅनेलच्या दारावर चिकटवा.

– आपला सचिव