गिअरबॉक्सला ऑइल किती बसतं?

या पानावर बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांविषयी लिहावयाचे हा आमचा नेहमीचा परिपाठ. यावेळी थोडी वाट सोडून लिहीत आहोत. कारण असे की, अलीकडे आपल्या बऱ्याच सभासदांच्या दारात ट्रॅक्टरच्या जोडीला छोटी एसयूव्ही आली आहे, आणि गट ऑफिसात आलेला सभासद उसाची नोंद झाली की हमखास विचारतो, "साहेब, गिअरबॉक्सला ऑइल किती बसतं हो?" आम्ही काही मेकॅनिक नव्हे, आमचा डिप्लोमा शेतीचा. पण या प्रश्नाचे उत्तर नीट माहीत नसल्याने आम्हांला एकदा फार महाग पडले, म्हणून लिहितो.

ऊस विकास विभागाकडे एक जुनी मारुती जिप्सी आहे. ही गाडी १९८५ साली बाजारात आली, तेव्हा एसयूव्ही हा शब्दही आपल्याकडे कोणी उच्चारत नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बुडीत उसाच्या पाहणीसाठी आम्ही ती पाण्यातून घातली. चाकाचे तुंबे बुडाले, गाडी पार झाली, आम्ही खूष. पण आतमध्ये काय होते ते ऐका. चालून तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि हवा जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक भोकातून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी ऑइलात मिसळले की ऑइल दुधाळ होते, चहात दूध घातल्यासारखे. अशा ऑइलचा वंगणपणा जातो आणि बेअरिंगला गंज धरतो.

आमच्या ड्रायव्हरमामांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितले, "साहेब, ऑइल बदलून घेऊ. पाणी गेलंया." एका गॅरेजात गाडी लावली. तिथल्या पोराने गिअरबॉक्सचे ऑइल काढले, एक लिटरचा डबा फोडून ओतला आणि बिल दिले. आम्हीही पाहिले नाही. पंचनाम्यांची घाई होती.

इथे तीन चुका झाल्या. जिप्सीच्या पोटाखाली ऑइलची एक नव्हे, चार घरे आहेत. गिअरबॉक्स, त्याच्या मागे सुटा बसवलेला ट्रान्स्फर बॉक्स, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल. पाच गिअरच्या गाडीत गिअरबॉक्सला सुमारे १.३ लिटर, ट्रान्स्फरला ०.८, पुढच्या डिफरन्शियलला २ आणि मागच्याला १.५ लिटर असा हिशोब आहे. म्हणजे एक लिटरच्या डब्याने गिअरबॉक्स भरलाच नव्हता. दुसरे, ट्रान्स्फर बॉक्सला कोणी हातच लावला नाही, त्यातले पाणी त्यातच राहिले. तिसरे म्हणजे ओतलेले ऑइल डिफरन्शियलचे होते.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडे थांबतो, कारण 'नव्वद नंबरचं ऑइल सगळीकडं चालतं' हा समज अजूनही गावोगाव आहे. नंबर म्हणजे फक्त जाडी. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असेही लिहिलेले असते, तो त्यातील औषधाचा प्रकार. डिफरन्शियलचे दाते एकमेकांवर दाबून घसरतात, म्हणून त्याला गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असलेले जीएल-५ लागते. गिअरबॉक्समध्ये मात्र गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या सिंक्रोनायझरच्या रिंगा असतात आणि त्या बहुधा पितळी असतात. त्यांना थोडी पकड लागते. फार बुळबुळीत ऑइलात ती पकड मिळत नाही, गिअर खरखरतो, आणि काही जीएल-५ ऑइले तापल्यावर पितळ खातात. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४ च घालावे. कोळप्याचे काम नांगराने करू नये, तसेच हे.

पुढे २०१९-२० चा हंगाम सुरू झाला. जानेवारीत एका रात्री निरोप आला की, नदीकाठच्या एका सभासदाचा ऊस तारेच्या ठिणगीने पेटला. जळीत उसाचे वजन आणि साखर दोन्ही झपाट्याने घटतात, त्यामुळे रातोरात पाहणी करून टोळी लावावी लागते. आम्ही निघालो. पाणंदीच्या चिखलात मामांनी चारी चाकांचा गिअर टाकला, कडाड् आवाज झाला आणि गाडी जागेवर बसली. ट्रान्स्फर बॉक्सचे बेअरिंग गंजून मोडले होते. त्या पट्ट्यात फोनलाही रेंज नव्हती. आम्ही चालत पोहोचेपर्यंत उजाडले, टोळी दुपारी मिळाली, आणि ऊस गव्हाणीत पडला तिसऱ्या दिवशी. आबांनी (नाव लिहीत नाही) आम्हांला शब्दाने दुखवले नाही. एवढेच म्हणाले, "या साहेब, चहा घ्या. ऊस आता कुठं पळून जातोय?" ते अजून आठवते.

तेव्हापासून ऑइल बदलताना आम्ही स्वतः शेजारी उभे राहतो. मामांची पद्धत अशी. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करायचे, म्हणजे गाळासकट उतरते. मग सपाट जागेवर घ्यायची. एकाच बाजूला जॅक लावून भरले तर पातळी हमखास चुकते. आधी वरचा, भरावयाचा नट सोडायचा आणि तो सुटला तरच खालचा. उलट केले आणि वरचा नट जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन जायचे कुठे? खालच्या नटावर लोहचुंबक असेल तर त्यावर करडी लुगदी दिसते, ती झीज नेहमीची. दात्याचा तुकडा किंवा चकाकता कीस दिसला तर मात्र बॉक्स उघडावाच लागतो. मग नवीन ऑइल वरच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचे, थेंब थांबला की नट बंद. पुस्तिकेतला लिटरचा आकडा ऑइल किती विकत आणायचे त्यासाठी. किती बसले ते भोक सांगते.

आता नवीन गाड्यांकडे येऊ. क्लच नसलेली प्रत्येक गाडी सारखी नसते. एएमटी म्हणतात त्या गाडीत गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे यंत्र करते. त्याला साधे गिअर ऑइलच लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या खऱ्या ऑटोमॅटिकला एटीएफ नावाचे पातळ, बहुधा लाल ऑइल लागते. सीव्हीटीचे ऑइल आणखी निराळे, तिथे एटीएफ घातले तर पट्टा घसरून हजारोंचा खड्डा पडतो.

ऑटोमॅटिकमध्ये एक फसगत हटकून होते. पुस्तिकेत एकूण मावणारे ऑइल लिहिलेले असते, पण खालचा नट सोडल्यावर निम्म्याच्या आसपास, कधी तिसरा हिस्साच बाहेर येतो. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरात आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहते. समजा एकूण ६ लिटर मावते आणि ३ लिटर निघाले. आता पुस्तिका पाहून कोणी ६ ओतले, तर जादा ऑइल फिरत्या भागांत घुसळून त्याला ताकासारखा फेस येतो, दाब पडत नाही आणि गाडी घसरू लागते. म्हणून निघालेले ऑइल मापात मोजावे आणि तेवढेच भरावे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला पातळी तपासावी लागते, हे काम माहितगाराकडेच द्यावे. एका वेळी निम्मे बदलले तर दुसऱ्या खेपेस पाऊण ऑइल नवे होते, तिसऱ्या खेपेस सुमारे ८७ टक्के. म्हणजे खेपा कराव्या लागतात.

'या गाडीचं ऑइल जन्मभर बदलायचं नाही' असे काही विक्रेते सांगतात. त्याच पुस्तिकेत कडक वापराचे वेगळे कोष्टक आहे का ते पहावे. धूळ, चिखल, ओझे ओढणे, उन्हात सावकाश चालणे असे त्यात लिहिलेले असते, आणि आपल्याकडे फडापर्यंतचा रस्ता दुसरा कसला आहे? ऑइल काळपट झाले किंवा जळका वास आला तर वाट पाहू नये. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर मोजत बसू नये, सगळी घरे तपासून घ्यावीत.

ट्रॅक्टरवाल्यांनी हा हिशोब लावू नये. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकला मिळून एकच ऑइल असते, तेही कित्येक लिटर, आणि ब्रेक ऑइलात बुडालेले असतील तर त्याचेच खास ऑइल लागते.

शेवटी आमच्या खात्याचे बोलतो. काढलेले काळे ऑइल बांधावर, पाटात किंवा वाळवीसाठी उसाच्या सरीत ओतू नका. जमिनीत ते लवकर जिरून नाहीसे होत नाही आणि त्या जागी उगवण मारली जाते, आम्ही एका प्लॉटवर पाहिली आहे. बंद डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावे. पुस्तिका हरवली असेल तर गाडीचा चेसिस नंबर लिहून घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे, ते नेमके ऑइल सांगतात. आणि हे सारे दसऱ्याच्या आत उरका. एकदा बॉयलर पेटला की आमचे मामासुद्धा तुम्हांला सापडायचे नाहीत.