आखूड फळी आणि लाटेवरचा तोल

आम्ही कृष्णाकाठची माणसं. सांगलीच्या होड्यांच्या शर्यती पाहत वाढलो, त्यामुळे वल्हं आम्हाला नवं नाही. पण फळीवर उभं राहून, वल्हं मारत समुद्राची लाट पकडायची, हा खेळ नवा.

शिकाऊंची फळी दहा-अकरा फुटांची असते. ती स्थिर राहते, लाट लवकर धरते, पण वळायला जड. आठ-नऊ फुटांची आखूड फळी चटकन वळते. मात्र डगमगते, वेगही लवकर हरवते. म्हणून लाट उभी राहू लागली की चार-पाच वल्ही भराभर मारायची. लाटेनं उचललं की गुडघे वाकवून एक पाय मागे घ्यायचा.

हा हौशीचा खेळ इथं कशाला? ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची नाव उलटली, ते दुःख आम्ही विसरलो नाही. २०२१ लाही पूर आला, पुढेही येईल. पाण्याच्या धास्तीनं मुलांना काठावरच ठेवून कसं चालेल?

बंधू-भगिनींनो, मुलांना आणि मुलींनाही आधी पोहायला शिकवा. मग जाणत्याच्या देखरेखीखाली, लाइफ जॅकेट घालून, फळीची दोरी घोट्याला बांधून त्यांना खुशाल लाटेवर उभं राहू द्या.