चर्चची खोली आणि बारा पायऱ्या

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा लागतो. शनिवारी आणि अमावास्येला सगळी गर्दी तिथं वळते. न वळता सरळ गेलं, की थोड्याच अंतरावर नेवासे तालुक्यातलं वडाळा बहिरोबा येतं. जुनी माणसं त्याला अजून वडाळा मिशन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युअल फेअरबँक इथं राहायला आले. दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करणारे, गावोगाव हिंडणारे पाद्री. दारू सोडवण्याच्या कामात चर्चनं महाराष्ट्रात काय केलं, याचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात मुंबईच्या वांद्र्यापासून करावी असं कुणालाही वाटेल. मला ती या रस्त्यावरून करावीशी वाटते. वांद्र्याला जे घडलं त्याचं मोल नेवासे तालुक्यातून पाहिल्यावर जास्त कळतं.

अमेरिकन मिशन नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, आलं १८३१ साली. त्याला पाठवणारं मंडळ बोस्टनचं, आणि त्याच बोस्टनमध्ये १८२६ साली मद्यपानाविरुद्धची पहिली मोठी अमेरिकन संस्था उभी राहिली होती. त्या पिढीच्या पाद्र्यांना धर्म आणि दारूत्याग वेगळे काढताच येत नव्हते. पुढं १८८२ मध्ये मुक्तिफौज मुंबईला उतरली. तिचे पुढारी फ्रेडरिक टकर देशी कपडे घालत आणि फकीर सिंग म्हणवून घेत. नगरकरांना मुक्तिफौज माहीत आहे ती बूथ हॉस्पिटलमुळे. करोनाच्या काळात या दवाखान्यानं केलेलं काम जिल्हा विसरलेला नाही. या फौजेत शिपाई व्हायचं तर दारू आणि तंबाखू सोडल्याच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. ही रीत आजही आहे.

म्हणजे इथं चर्च आणि दारू यांचं पहिलं नातं शपथेचं. शपथेनं अनेकांचे संसार सावरले, हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. शपथेचा आधार घेणारं चर्च काही एकटं नव्हतं. वारकरी गळ्यात माळ घालतो ती शपथच. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या देवळाभोवती गाव उभं केलं, तेव्हा तरुणांनी देवापुढंच दारूभट्ट्या बंद करण्याचा निर्धार केला. पुढं पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले गेले, हे अण्णांनी स्वतः सांगितलेलं आहे. गाव सुधारलं, यात वाद नाही. पण माझा जीव अडकतो तो खांबाला बांधलेल्या माणसात. शपथ मोडली की तो देवाचा गुन्हेगार होतो, मंडळीचा गुन्हेगार होतो, घरात तर आधीच असतो. मग तो देवळात किंवा चर्चमध्ये येणंच टाळतो. ज्याला सर्वांत जास्त गरज असते, त्याच्यासाठीच ती जागा अवघड होऊन बसते.

व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याकडून शपथ घेऊन ताप उतरत नाही, ही समज यायला बराच काळ गेला. ती आली तीसुद्धा चर्चच्याच एका दालनातून, पण चर्चच्या बाहेर पडून.

१९३० च्या दशकात ऑक्सफर्ड ग्रुप नावाची एक ख्रिस्ती चळवळ जोरात होती. तिचे प्रवर्तक फ्रँक बुकमन हे अमेरिकन लुथरन पाद्री. छोट्या बैठकीत बसायचं, आपले दोष दुसऱ्यापुढं बोलायचे, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, देवाचं मार्गदर्शन शांत बसून ऐकायचं, अशी तिची रीत. न्यूयॉर्कमधलं तिचं केंद्र म्हणजे सॅम्युअल शूमेकर यांचं कॅल्व्हरी चर्च. १९३४ च्या अखेरीस बिल विल्सन हा शेअरबाजारातला, दारूनं पार उद्ध्वस्त झालेला माणूस या लोकांत आला. पुढच्या वर्षी ओहायोतल्या ॲक्रनला त्याला डॉ. बॉब भेटले. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांचा दारूविना पहिला दिवस मानला जातो, आणि तोच अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एए चा जन्मदिवस. पण न्यूयॉर्कची मंडळी १९३७ मध्येच ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी झाली, ॲक्रनची त्यानंतर दोनेक वर्षांत. १९३९ मध्ये एए चा मार्ग सांगणाऱ्या बारा पायऱ्या छापून आल्या तेव्हा त्यांत देव होता, येशूचं नाव नव्हतं. ज्याला जसा देव समजेल तसा त्यानं धरावा, अशी मोकळीक शब्दांतच ठेवलेली होती.

ही मोकळीक वरवरची नव्हती. तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. कॅथलिक चर्चला ऑक्सफर्ड ग्रुपविषयी पहिल्यापासून शंका होती. त्याचंच पुढचं रूप असलेल्या मॉरल रीआर्मामेंटपासून धर्मगुरूंनी दूर राहावं, असा इशारा रोमनं १९५१ मध्ये दिला. एए त्याच छत्राखाली राहिलं असतं तर कॅथलिक माणूस तिथं बसू शकला नसता. ते बाहेर पडल्यामुळं ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया दारुड्यांना पोटाच्या विकाराचं निदान लावून दाखल करून घेऊ शकल्या. फादर एडवर्ड डाउलिंग हे येशूसंघी १९४० मध्ये बिल विल्सनला भेटले आणि पुढं वीस वर्षं त्याचे आध्यात्मिक सोबती झाले. बारा पायऱ्यांत त्यांना संत इग्नेशियसच्या साधनेची ओळख पटली होती. स्वतः फादर डाउलिंग दारूचे व्यसनी नव्हते, हे मला विशेष वाटतं. पुढाकार न मागता ते फक्त सोबत राहिले.

इथं नगरचीच एक आठवण येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं ख्रिस्ती आयुष्य बहुतांशी नगर आणि राहुरी भागात गेलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनी एकत्र बसावं, पंथांच्या भिंती नसाव्यात, ही त्यांची कल्पना. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार रुजला नाही. बारा पायऱ्यांशी त्याचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण नगरच्या मातीत रमलेल्या एका कवीला जे हवं होतं, ते पुढं एए च्या ज्या खोल्यांत प्रत्यक्ष घडलं त्यांपैकी कित्येक चर्चच्याच आवारात होत्या. ही गोष्ट मराठी ख्रिस्ती समाजानं अभिमानानं सांगावी अशी आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

बुकमनच्या चळवळीचा दुसरा धागाही महाराष्ट्रात आला. राजमोहन गांधींच्या पुढाकारानं पाचगणीला मॉरल रीआर्मामेंटचं ‘एशिया प्लेटो’ केंद्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. पण त्याआधीच, १९५७ साली, एए मुंबईत पोचलं होतं.

तो काळ डोळ्यांपुढं आणायला हवा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झालेला, राज्यात संपूर्ण बंदी, प्यायचं तर परमिट. वांद्रे-माहीमच्या गल्ल्यांत हातभट्टीचे अड्डे. कायद्याच्या लेखी पिणारा गुन्हेगार, धर्माच्या लेखी पापी. अशा शहरात काही माणसं एका खोलीत जमून आपण दारूपुढं हरलो आहोत असं मोठ्यानं बोलू लागली. त्यांना आडनाव सांगायची गरज नव्हती, ही त्या काळात केवढी सोय असेल. जागा मिळाली ती मुख्यतः चर्चच्या आवारात आणि मिशनच्या शाळांत, कारण संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या आणि चार बाकं असणाऱ्या खोल्या त्यांच्याकडं होत्या.

या देवघेवीचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांनुसार एए बाहेरची देणगी घेत नाही. सभेत पैसे गोळा होतात ते सभासदांकडूनच, आणि त्यातून चहाचा खर्च आणि जागेचं भाडं दिलं जातं. चर्चलासुद्धा, मग रक्कम नाममात्र का असेना. चर्चनं खोली दिली म्हणून गट चर्चचा होत नाही. फादर आले तरी ते अध्यक्षाच्या खुर्चीत बसत नाहीत. त्यांनाही सभासद म्हणून बोलायचं असेल, तर नाव सांगून, मी अल्कोहोलिक आहे असं म्हणूनच बोलायचं.

एका फादरनी तेही केलं. फादर ज्यो परेरा यांनी आपल्या दारूच्या व्यसनाविषयी जाहीरपणे सांगितलं, आणि १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते पुण्याच्या बी.के.एस. अय्यंगारांचे शिष्य. कृपामध्ये बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग असे एकत्र आले. वर्षानुवर्षं दारूनं खिळखिळं झालेलं शरीर आधी ताब्यात यावं लागतं, नुसत्या कबुलीनं भागत नाही, हे त्यांनी ओळखलं. ॲक्रनची पद्धत, पुण्याची आसनं आणि वांद्र्याचं चर्च यांचा असा मेळ दुसरीकडं क्वचितच सापडेल. पुढं काम वसईसारख्या मराठी ख्रिस्ती भागात आणि देशातल्या अनेक राज्यांत गेलं. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पद्मश्रीपेक्षाही, एका धर्मगुरूनं आपल्याच लोकांपुढं मी आजारी आहे असं म्हणणं मला मोठं वाटतं. शपथ मागणारं चर्च तिथं कबुली देणारं झालं.

कबुलीचा प्रश्न वेदीपर्यंतही गेला. मिस्साबलिदानात द्राक्षाची वाइन असते; व्यसनातून बाहेर आलेल्या धर्मगुरूनं काय करायचं? अशा धर्मगुरूंना न आंबलेला किंवा जेमतेम आंबू लागलेला रस वापरायची मुभा बिशप देऊ शकतात, असं रोमनं ठरवलं. प्रॉटेस्टंटांकडं हा विचार आधीच झाला होता. १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च यांनी प्रभुभोजनासाठी न आंबणारा द्राक्षरस तयार केला तो याच काळजीतून.

वांद्र्यानंतर पाच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९८६ ला, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उघडलं. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांचं हे काम, त्याला पु.ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेले एक लाख रुपये, आणि जागा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. इथं चर्च नव्हतं, तरी एए ची तत्त्वं होती. पायरीतला देव निरीश्वरवादी माणसालाही अडला नाही. कुणी गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानलं. ‘फक्त आजचा दिवस’ हे वाक्य मराठी घराघरांत गेलं ते बऱ्याच अंशी मुक्तांगणमुळं. ऑक्सफर्ड ग्रुपपासून सुटण्याचं फळ इतकं दूरवर आलं होतं.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. बारा पायऱ्या म्हणजे मागच्या दारानं धर्मांतर, असा संशय खेड्यापाड्यांत आजही ऐकू येतो, आणि चर्चच्या फाटकातून आत जायला बिगरख्रिस्ती माणूस बिचकतो. दुसऱ्या बाजूला काही ख्रिस्ती लोकांना येशूचं नाव नसलेली प्रार्थना अपुरी वाटते. मला दोन्ही अडचणी खऱ्या वाटतात. त्यांतली पहिली जास्त, कारण तिच्यापायी माणूस मरू शकतो.

नगर जिल्ह्यात हे मरण दूरचं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत पांगरमलला पार्टीत विषारी दारू पिऊन माणसं दगावली. गावोगावच्या बायका बाटली आडवी करायला, म्हणजे गावातलं दारूदुकान बंद करायला, मतदान मागतात, आणि त्यांचा लढा न्याय्यच आहे. पण दुकान बंद झालं तरी पिणारा घरातच असतो. पुण्यामुंबईच्या केंद्रात महिनाभर राहून तो परत येतो तेव्हा त्याच्या वाट्याला तीच गल्ली, तेच मित्र आणि ऊसतोडीच्या उचलीचं तेच कर्ज येतं. त्याला आता शपथ नको आहे. आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी त्याच्यासारखीच चार माणसं जिथं बसलेली असतील, अशी जागा त्याला चालत किंवा एसटीनं जाता येईल इतक्या अंतरावर हवी आहे.

शनिशिंगणापूरच्या देवस्थानाकडं खोल्या आहेत. वडाळ्याच्या मिशनकडं आवार आहे. नेवाशाच्या मठांकडं सभामंडप आहेत, झेडपीच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. भाडं घ्यावं, थोडंच पण घ्यावंच. फलकावर संस्थेचं नाव लावू नये, सत्कार ठेवू नये, फोटो काढू नये. किल्ली गटातल्याच एखाद्याकडं द्यावी आणि सभा संपेपर्यंत विश्वस्तांनी किंवा पाद्र्यांनी तिकडं फिरकू नये.